रूपांतरित रिव्हॉल्व्हरांचा संग्रह

जुन्या वस्तूंचा संग्रह करणाऱ्या माणसाला वस्तू मूळ स्वरूपात हवी असते. नाण्याला मागाहून भोक पाडलेले असले, चित्रावर दुसऱ्या हाताने रंग चढवलेला असला, की तो नाक मुरडतो. जुन्या शस्त्रांचा संग्राहकही सामान्यतः याच वृत्तीचा असतो. तथापि शस्त्रांचा एक वर्ग असा आहे, की ज्याचे सारे महत्त्व नंतर केलेल्या फेरफारातच आहे. अमेरिकेत १८६८ पासून पुढे सुमारे दहा-बारा वर्षे, मुळात ठासणीची म्हणून बनवलेली रिव्हॉल्व्हरे कापून, भोके पाडून, नवे भाग बसवून धातूच्या काडतुसासाठी योग्य करण्यात आली. कारखान्यात पडून असलेल्या जुन्या सुट्या भागांचाही असाच उपयोग झाला. या शस्त्रांना रूपांतरित रिव्हॉल्व्हरे म्हणतात. बराच काळ संग्राहकांनी त्यांच्याकडे धेडगुजरी वस्तू म्हणून पाहिले. आज त्यांतील दुर्मिळ नमुन्यांसाठी चढाओढ लागते. ही शस्त्रे अशी विचित्र का दिसतात, याचे उत्तर यंत्रशास्त्रात अर्धेच सापडते. उरलेले अर्धे न्यायालयाच्या निवाड्यांत शोधावे लागते.

प्रथम मूळचे शस्त्र कसे चालत असे ते पाहू. सॅम्युएल कोल्ट (१८१४–१८६२) याने १८३६ मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलेल्या रिव्हॉल्व्हरात नळीच्या मागे एक फिरता दंडगोल असे. त्याला आपण रूढ शब्दाने सिलिंडर म्हणू. त्यात पाच किंवा सहा घरे कोरलेली असत. प्रत्येक घर पुढून उघडे आणि मागून बंद. पुढच्या तोंडातून बंदुकीची दारू ओतायची, तिच्यावर शिशाची गोळी ठेवायची आणि नळीखाली बसवलेल्या दांड्याने ती आत ठासायची. मागच्या बंद भिंतीत प्रत्येक घराला एक बारीक पोकळ बोंडी असे. तिच्यावर तांब्याची स्फोटक टोपी चढवायची. घोडा टोपीवर आपटला, की ठिणगी बोंडीतून आत जाई. असे सहा वेळा करायचे म्हणजे शांत जागी बसलेल्या माणसालाही काही मिनिटे लागत. पावसात किंवा घोड्यावर बसून ते करणे किती जिकिरीचे असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. तरीही अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१–६५) घोडदळाचे मुख्य हत्यार हेच होते. कोल्टचे १८६० चे ‘आर्मी’ हे ०.४४ इंचाचे रिव्हॉल्व्हर एकूण सुमारे दोन लाख तयार झाले, आणि त्यांतील सव्वा लाखाहून अधिक सरकारने घेतले.

वस्तुतः धातूचे काडतूस तोवर अस्तित्वात आले होते. दारू, गोळी आणि स्फोटक द्रव्य ही तिन्ही तांब्याच्या एकाच नळकांडीत बसवली, की भरण्याचे काम क्षणाचे होते. परंतु असे काडतूस मागून घालायचे, तर सिलिंडरची घरे आरपार कोरलेली हवीत. एवढी साधी गोष्ट अमेरिकेतील कोणत्याही कारखान्याला करता येण्यासारखी होती. कायद्याने मात्र ती एकालाच करता येत होती.

रोलिन व्हाइट नावाच्या कारागिराने ३ एप्रिल १८५५ रोजी एक पेटंट मिळवले. त्याने आराखड्यात दाखवलेले शस्त्र अगदीच अव्यवहार्य होते, आणि धातूचे काडतूस तर त्याच्या डोळ्यांसमोर नव्हतेच. पण पेटंटच्या मजकुरात आरपार कोरलेल्या घरांचा दावा होता. इकडे होरेस स्मिथ व डॅनिएल वेसन हे दोघे धातूच्या काडतुसाचे लहान रिव्हॉल्व्हर काढण्याच्या तयारीत होते. व्हाइटचा दावा आड येत असल्याचे लक्षात येताच वेसनने १८५६ च्या ऑक्टोबरात त्याला पत्र लिहिले, आणि नोव्हेंबरात करार झाला. दर रिव्हॉल्व्हरामागे व्हाइटला पंचवीस सेंट स्वामित्वधन मिळायचे. मात्र कोणी पेटंटचा भंग केला, तर खटला चालवण्याचा भार व्हाइटने उचलायचा. या दुसऱ्या अटीत त्या दोघा व्यापाऱ्यांचे शहाणपण दिसून येते. १८५७ मध्ये त्यांचे सात बारांचे, ०.२२ इंचाचे पहिले रिव्हॉल्व्हर बाजारात आले. पुढे युद्ध सुरू झाल्यावर त्यांच्या मालाला एवढी मागणी आली, की ती पुरवता पुरवता त्यांचा कारखाना अपुरा पडू लागला. लष्कराला उपयोगी पडेल असे मोठ्या व्यासाचे शस्त्र ते काढीत नव्हते, आणि इतरांना काढता येत नव्हते.

इतरांनी प्रयत्न केला नाही असे नाही. काहींनी सरळ नक्कल केली आणि न्यायालयात हार खाल्ली. १८६३ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये इथन ॲलनविरुद्धचा निकाल व्हाइटच्या बाजूने लागला. हरलेल्या काही कारखान्यांच्या मालावर ‘स्मिथ अँड वेसनसाठी तयार केलेले’ अशा अर्थाचा शिक्का आढळतो. हा पराभवाचा शिक्का आज संग्राहकाला भूषणासारखा वाटतो. काहींनी पळवाटा काढल्या. प्लँटच्या रिव्हॉल्व्हरात पेल्यासारख्या बुडाचे काडतूस पुढून घालीत. मूरच्या रिव्हॉल्व्हरातील काडतुसाला मागे लहानसे बोंड असे, ते सिलिंडरच्या बारीक भोकातून बाहेर डोकावे. स्लोकमने तर प्रत्येक घराची बाजूच सरकती केली. या साऱ्या क्लृप्त्यांकडे पाहताना हसू येते, पण त्यांच्या मुळाशी एकच अडचण होती आणि ती खरी होती.

कोल्टच्या कारखान्यातील अलेक्झांडर थ्यूअर याने १५ सप्टेंबर १८६८ रोजी पेटंट घेतलेले रूपांतर हे या पळवाटांतील सर्वांत चतुर, आणि आज संग्राहकांच्या लेखी सर्वांत मोलाचे होय. त्याचे काडतूस मागच्या बाजूला निमुळते होत गेलेले असे आणि ते पुढूनच घरात बसे. नळीखालचा जुना ठासणीचा दांडा ते दाबून बसवण्याच्या कामी येई. सिलिंडरच्या मागे एक फिरवता येणारे कडे असे. कड्याच्या एका स्थितीत घोड्याचा आघात काडतुसावर पडून बार उडे. कडे थोडे फिरवले, की तोच घोडा रिकाम्या काडतुसाला मागून ठोसा देऊन पुढे ढकलून देई. ही स्थिती दाखवण्यासाठी कड्यावर इंग्रजी ‘ई’ हे अक्षर असे. गंमत अशी, की सिलिंडर बदलला म्हणजे हे शस्त्र पुन्हा पूर्ववत ठासणीचे होई. खास काडतूस मिळाले नाही तर अडू नये, हा त्यातला हेतू. सर्व नमुने मिळून अशी सुमारे पाच हजार रूपांतरे झाली असावीत असा अभ्यासकांचा अंदाज आहे. खपाच्या दृष्टीने हा प्रयोग फसलाच म्हणायचा, कारण वर्षभराच्या आत त्याची गरजच उरली नाही. दोन्ही सिलिंडर, काडतुसे भरण्याची हत्यारे आणि मूळ पेटी असा पूर्ण संच हाती लागणे, हे संग्राहकाच्या आयुष्यातील भाग्य समजले जाते.

रेमिंग्टनने पळवाट शोधण्याऐवजी परवान्याचा मार्ग पत्करला. १८६८–६९ मध्ये त्यांनी स्मिथ अँड वेसनला पैसे मोजून साडेचार हजारांच्या आसपास ‘आर्मी’ रिव्हॉल्व्हरे पालटली. ती सिनसिनाटीच्या किट्रेज या व्यापारी पेढीसाठी होती. मूळचे ०.४४ इंचाचे सहा बारांचे हे शस्त्र रूपांतरानंतर ०.४६ इंचाचे, पण पाच बारांचे झाले. अधिक जाड काडतुसांची सहा घरे त्याच घेराच्या सिलिंडरात मावत नव्हती, एवढेच त्याचे कारण. कायदेशीर मार्गाने केलेले मोठ्या व्यासाचे पहिले अमेरिकी काडतुसी रिव्हॉल्व्हर म्हणून याचे ऐतिहासिक महत्त्व थ्यूअरच्या नमुन्यापेक्षा मला अधिक वाटते, जरी लिलावातील किमती उलटेच सांगत असल्या.

व्हाइटच्या पेटंटची मुदत ३ एप्रिल १८६९ रोजी संपली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात ॲलनच्या अपिलावर न्यायमूर्तींची मते समसमान विभागली गेली आणि खालचा निकाल कायम राहिला. मुदतवाढीसाठी व्हाइटने काँग्रेसकडे धाव घेतली. तिथे विधेयक संमतही झाले. परंतु ११ जानेवारी १८७० रोजी राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी त्यावर नकाराधिकार वापरला. युद्धकाळात या पेटंटमुळे सरकारची गैरसोय झाली, हे शस्त्रविभागाच्या प्रमुखाचे म्हणणे त्यामागे होते. ज्या सेनापतीने ते युद्ध लढवले, त्याच्याच हाती हे विधेयक यावे, हा योगायोग व्हाइटला महाग पडला. स्वामित्वधनाचे सुमारे सत्तर हजार डॉलर त्याला मिळाले होते खरे. पण खटल्यांचा खर्च त्याच्याच माथी होता, हे विसरता येत नाही. तो १८९२ मध्ये वारला.

बंधन सुटले तरी कोल्टचा कारखाना तत्काळ नवे शस्त्र काढू शकला नाही. १८६४ च्या फेब्रुवारीत लागलेल्या आगीने त्याचा मोठा भाग भस्मसात केला होता. कोल्ट स्वतः त्याआधीच मरण पावला होता. कोठारात जुने भाग पडून होते, आणि सैन्याजवळ जुनी रिव्हॉल्व्हरे. दरम्यान स्मिथ अँड वेसनने १८७० मध्ये मोठ्या व्यासाचे रिव्हॉल्व्हर काढले, अमेरिकी सैन्याने त्यातील एक हजार मागवली, आणि पुढच्याच वर्षी रशियाची वीस हजारांची मागणी आली. अशा वेळी जुन्याचेच नवे करणे हा व्यवहार्य मार्ग होता. तो चार्ल्स रिचर्ड्स या अभियंत्याने दाखवला. वाफेच्या एंजिनातील दाब नोंदवणारे उपकरण तयार करून रिचर्ड्सने आधीच नाव मिळवले होते, आणि पुढे १८८४ पासून तो येल येथे यंत्र-अभियांत्रिकीचा प्राध्यापक होता. असा शास्त्रज्ञ वृत्तीचा माणूस जुन्या रिव्हॉल्व्हरांच्या डागडुजीत गुंतला, याचे नवल वाटण्याचे कारण नाही. त्या काळी कोल्टचा कारखाना हीच अमेरिकेतील एक उत्तम यंत्रशाळा होती.

रिचर्ड्सच्या पद्धतीचे पेटंट २५ जुलै १८७१ चे आहे, आणि ही तारीख शस्त्राच्या चौकटीवर ठोकलेली आढळते. सिलिंडरचा बोंड्यांचा मागचा भाग कापून टाकायचा, घरे आरपार कोरायची, आणि कापल्यामुळे पडलेली फट एका जाड चकतीने भरून काढायची. या चकतीतच आघात करणारी पिन, काडतूस घालण्याचे लहान दार आणि मागची माशी बसवलेली असे. ठासणीच्या दांड्याच्या जागी रिकामी काडतुसे बाहेर ढकलणारी सळई आली. कोल्टचाच दुसरा अभियंता विल्यम मेसन याने ही रचना सोपी केली. पिन घोड्यावरच आली, चकतीवरची माशी गेली आणि सळईची घडणही बदलली. १८६० च्या ‘आर्मी’ नमुन्याची रिचर्ड्स रूपांतरे सुमारे नऊ हजार, तर रिचर्ड्स-मेसन सुमारे एकवीसशे झाली. सैन्यासाठी पालटलेली त्यांतील सुमारे बाराशेच. त्यांच्यावर मूळचा क्रमांक आणि रूपांतराच्या वेळचा, ‘ए’ अक्षर जोडलेला नवा क्रमांक, असे दोन्ही सापडतात. खिशात ठेवण्याजोगी लहान रूपांतरे मात्र कितीतरी अधिक झाली, म्हणून नवशिक्या संग्राहकाने आरंभ त्यांच्यापासून करावा. १८७३ मध्ये कोल्टचे सर्वस्वी नवे, अखंड चौकटीचे रिव्हॉल्व्हर आले, आणि रूपांतराचा काळ मावळू लागला. जुने भाग संपेपर्यंत काम मात्र चालू राहिले.

अमेरिकी पेटंटचा अंमल अमेरिकेपुरताच होता. फ्रान्समध्ये लफोशे यांची काडतुसी रिव्हॉल्व्हरे आधीपासून वापरात होती. इंग्लंडमध्ये बोमाँट-ॲडम्स हे १८५६ चे ठासणीचे रिव्हॉल्व्हर सैन्यात होते. १८५७ च्या उठावात ते इंग्रज अधिकाऱ्यांच्या कमरेला हिंदुस्थानातही दिसले. १८६८ पासून जॉन ॲडम्सच्या पद्धतीने ते ०.४५० इंचाच्या काडतुसासाठी पालटण्यात आले. भारतीय वाचकाला एखाद्या जुन्या संग्रहात असे शस्त्र पाहायला मिळण्याचा संभव कोल्टपेक्षा या ॲडम्सच्या बाबतीत अधिक, हे ध्यानात ठेवावे.

आता परीक्षेकडे वळू. रूपांतरित शस्त्र हाती आले, की ते रिकामे असल्याची खात्री करून प्रथम क्रमांक पाहावेत. कोल्टच्या शस्त्रात नळी, चौकट, चापाचे कडे, मुठीची पट्टी आणि सिलिंडर या भागांवर क्रमांक असतो. ते जुळले तर उत्तम. न जुळले तर लगेच वस्तू खोटी ठरत नाही; कारखान्यात आणि सैन्याच्या दुरुस्तीशाळेत भागांची सरमिसळ होत असे. पण ती का झाली, याचे उत्तर शस्त्रानेच दिले पाहिजे. त्यानंतर सिलिंडर. कोल्टच्या ‘नेव्ही’ व ‘आर्मी’ नमुन्यांच्या सिलिंडरावर १६ मे १८४३ च्या कांपेचेच्या नाविक लढाईचे चित्र उठवलेले असते. ते ऑर्म्सबी या खोदकाराचे. चित्र झिजून पुसट झाले आहे, आणि लगतच्या कापाची कड मात्र काल कापल्यासारखी धारदार आहे, असे दिसले तर सावध व्हावे. दीडशे वर्षांची झीज एका भागाला सोडून दुसऱ्याला लागत नाही. उजव्या बाजूला काडतूस घालण्यासाठी पाठीच्या ढालीत कोरलेला खाचा, दांडा काढल्यावर बुजवलेली जागा, चकती आणि चौकट यांचा सांधा, या ठिकाणी भिंग घेऊन बसावे. घाई करणाऱ्याने या वाटेला जाऊच नये.

सर्वांत कठीण परीक्षा गावोगावच्या लोहारांनी व बंदूक-कारागिरांनी केलेल्या रूपांतरांची. १८६९ नंतर कोणालाही हे काम करण्याची मोकळीक होती. त्यांना ना पेटंटची तारीख, ना कारखान्याची नोंद. काहींची कारागिरी कारखान्याहून सरस, काहींची ओबडधोबड. त्यांचे मोल ठरवताना तज्ज्ञांतही मतभेद होतात, आणि लबाडीलाही इथेच सर्वाधिक वाव मिळतो. एखादे मोडके ठासणीचे शस्त्र घेऊन आजही तसे काम करता येते. इटलीतील गार्दोने व्हाल त्रोंपिया या गावी १९५९ पासून उबेर्ती यांच्यासारखे कारखाने जुन्या कोल्टच्या हुबेहूब प्रतिकृती बनवीत आले आहेत. प्रतिकृती म्हणून त्या प्रामाणिकच आहेत. शिक्के घासून, तेजाबाने गंज चढवून त्या जुन्या म्हणून खपवणारा माणूस अप्रामाणिक. चित्रपटांनीही गोंधळात भर घातली आहे. ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ या १९६६ च्या प्रसिद्ध चित्रपटात १८६२ च्या सुमारास घडणाऱ्या कथेचा नायक काडतुसी रूपांतर वापरताना दिसतो. तशी कोल्टची रूपांतरे तेव्हा जन्मालाही आली नव्हती.

संग्राहकाच्या हातून होणारे नुकसान लबाडाने केलेल्या नुकसानाहून कमी नसते. काळवंडलेले पोलाद पाहिले, की ते घासून लखलखीत करण्याचा मोह होतो. त्या एका दुपारच्या घासण्याने कापाच्या खुणा, निरीक्षकाचे शिक्के, चकतीवरील मूळ रंग हे सारे जाते, आणि मग कोणत्याही तज्ज्ञाला ते शस्त्र कारखान्यात पालटले की अन्यत्र, हे सांगता येत नाही. सुका गंज मऊ कापडाने टिपावा, पातळ तेलाचा हात फिरवावा, याहून अधिक काही करू नये. हरवलेला स्क्रू नवा बसवलाच, तर तशी नोंद करून ठेवावी. आणि ही शस्त्रे उडवून पाहण्याची हौस तर मुळीच नको: त्यांचे लोखंड काळ्या दारूच्या दाबासाठी घडवलेले आहे, आजच्या धूरविरहित दारूसाठी नव्हे.

कायद्याचेही भान हवे. अमेरिकेत १८९८ पर्यंत बनवलेली शस्त्रे १९६८ च्या संघीय कायद्याने पुरातन मानली जातात. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचे ४५ वे कलम पुरातन किंवा कालबाह्य घडणीच्या शस्त्राला सूट देते, पण ते दुरुस्त करूनही उडवता येण्याजोगे नसेल तरच. शिवाय १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी अधिनियमानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू खाजगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही. घरात आजोबांच्या वेळचे रिव्हॉल्व्हर निघाले, तर ते कपाटात परत ठेवून न देता प्रथम पोलीस ठाण्यात व नंतर वस्तुसंग्रहालयात विचारणा करावी.

ज्यांना मूळ वस्तू परवडत नाही (आणि त्यांत आपण बहुतेक सारेच आलो) त्यांना हार्टफर्ड येथील कनेटिकट इतिहास संग्रहालयात कोल्टच्या कारखान्याने १९५७ मध्ये दिलेला संग्रह पाहता येतो. काहीजण शस्त्रे सोडून केवळ त्यांच्या काडतुसांचा संग्रह करतात, आणि तोही तितकाच बोलका आहे. ०.३६ इंचाच्या म्हणवल्या जाणाऱ्या ‘नेव्ही’ रिव्हॉल्व्हराच्या नळीचा खरा व्यास ०.३७५ इंचाच्या आसपास होता. आरपार कोरलेल्या घरात बसणाऱ्या काडतुसाची नळकांडी साधारण ०.३८ इंचाची झाली. गोळीही बाहेरून तेवढीच जाड, फक्त तिची टाच बारीक करून नळकांडीत अडकवलेली. म्हणून काडतुसाला ‘अडतीस’ हे नाव पडले. पुढे सारी गोळीच नळकांडीच्या आत बसवण्याची पद्धत आली, तेव्हा गोळी ०.३५७ इंचांवर उतरली, पण नाव बदलले नाही. ‘थर्टी-एट स्पेशल’ हे काडतूस आजही त्याच नावाने विकले जाते, आणि १९३५ च्या ‘थ्री-फिफ्टी-सेव्हन मॅग्नम’ या काडतुसात बसते ती गोळीही तेवढ्याच व्यासाची असते.